हजेरीचा अंगठा

शिवणकामाच्या प्रशिक्षणाला मी धरून आमच्याकडच्या बावीस बाया होतो. बहुतेकींना घरोघरी जाऊन मीच बोलावलं, हजेरीच्या मशीनवर पहिला अंगठाही मीच ठेवला. एकोणीस जणींच्या खात्यांतून मिळून एक लाख आठ हजार पाचशे रुपये गेले. त्या संस्थेचं नाव इथे लिहीत नाही, तक्रार चालू आहे. आणि नाव लिहून तुमचा फायदाही नाही, पुढच्या गावात त्यांचा बॅनर दुसराच असेल. पद्धत तीच राहील, म्हणून ती सगळी सांगते.

मी यवतमाळ जिल्ह्यातली, दारव्ह्याकडची. बारावी झालेली. बचत गटाची सचिव आणि 'उल्लास'ची, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रमाची स्वयंसेवक. पंधरा वर्षांवरच्या ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांचा वर्ग घ्यायचा, मानधन नाही. आमचा वर्ग संध्याकाळी समाजमंदिरात भरतो, वावरातून आलेल्या बायांचा चहा झाला की. मार्च २०२४ च्या परीक्षेला आमच्याकडून अकरा जणी बसल्या. वाचन, लेखन, अंकज्ञान, प्रत्येकी ५० गुण. शेजारच्या काकू साठीच्या पुढच्या. आयुष्यात पहिल्यांदा पेपर लिहिला आणि पास झाल्या. प्रमाणपत्र त्यांनी देवघरात ठेवलं, गणपतीच्या मागे.

पण पास झाल्यावर बायांचा प्रश्न सुरू झाला. "वाचता आलं वो, आता पुढं काय?" सही येते म्हणून कापूस वेचायचा दर वाढत नाही. हाताला दुसरं काही काम शिकायला मिळालं तर पाहा, असं त्या मला येताजाता म्हणायच्या. मला अक्षरं शिकवता येतात, शिवण येत नाही. त्यामुळे जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात एक माणूस आणि एक बाई मोटारसायकलवर आले आणि शिवणकामाचं प्रशिक्षण म्हणाले, तेव्हा मला वाटलं, देवानंच पाठवले.

ती बाई मला 'ताई' म्हणायची, तो माणूस 'मॅडम'. मला आजवर कोणी मॅडम म्हटलं नव्हतं. हे मुद्दाम लिहिते, कारण निम्मी फसवणूक तिथेच झाली.

त्याच्या बोलण्यात बरंच खरं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान वर्ध्याला येऊन गेले, कारागिरांच्या विश्वकर्मा योजनेला वर्ष झालं म्हणून, आणि अमरावतीच्या टेक्सटाइल पार्कची पायाभरणी त्याच दिवशी झाली. ती बातमी त्यानं मोबाइलवर दाखवली. विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यात शिंपीकाम आहे, हेही खरं. प्रशिक्षणात दिवसाला पाचशे रुपये आणि साहित्यासाठी पंधरा हजार, हेही खरं. मग त्यानं त्याला आपलं शेपूट जोडलं. त्याची संस्था त्या योजनेतच काम करते, तीन महिने गावातच वर्ग, मशीन फुकट, नंतर अमरावतीला काम किंवा घरी बसून ब्लाऊजच्या ऑर्डरी. नोंदणी फक्त हजार रुपये, मशीन मिळाली की तेही परत. आणि रोख घेत नाही, सरकारी काम आहे, फी खात्यातूनच कटेल.

रोख घेत नाही म्हटल्यावर माझी उरलीसुरली शंकाही गेली. पैसे खाणारा माणूस रोखच मागतो, असा माझा हिशेब.

दोन दिवस त्यांनी खरोखर शिकवलं. समाजमंदिरात दोन मशीन आणून ठेवल्या. त्या बाईनं वर्तमानपत्रावर ब्लाऊजचं पेपर कटिंग करून दाखवलं. छाती, मुंढा, टक्स, सगळं नीट. काकूंनी तिचं माप पाहून स्वतःच्या हातानं आकडे लिहिले, बत्तीस, चौदा, साडेपाच. मला इतका आनंद झाला की मी फोटो काढून गटाच्या ग्रुपवर टाकला. तोच फोटो बघून पलीकडच्या तांड्यावरच्या चार बाया तिसऱ्या दिवशी आल्या.

सोमवारी, ६ जानेवारीला, हजेरी. त्याच्याकडे मोबाइल आणि त्याला वायरनं जोडलेली ती छोटी काळी मशीन, रेशन दुकानात असते तसली. रजिस्टरमध्ये नाव, आधार नंबर, बँकेचं नाव. मग अंगठा दोनदा. "पहिला हजेरीचा, दुसरा फीचा." मोबाइलची स्क्रीन सगळा वेळ त्याच्याकडे.

आता कळतं ते असं. आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर खात्यातून पैसे निघतात. बँक मित्र गावात पैसे काढून देतो तो याच सोयीनं. कार्ड लागत नाही, पिन लागत नाही, ओटीपी येत नाही. पहिल्या अंगठ्याला त्यानं आमच्या खात्यात किती आहे ते पाहिलं, दुसऱ्याला तेवढे काढले. बँक मित्र काढलेले पैसे आपल्या हातात देतो, यानं दिले नाहीत, बस एवढाच फरक. फी कापण्याचा तो प्रकारच नव्हता. आणि दिवस त्यानं नेमका निवडला होता. लाडक्या बहिणीचा डिसेंबरचा हप्ता नुकताच पडला होता. जुलैपासूनचे सहा हप्ते ज्यांनी हात न लावता ठेवले त्यांच्या खात्यात बरोबर नऊ हजार.

आम्हाला संशय कसा आला नाही? अहो, अंगठा आम्ही कुठे देत नाही? रेशनला द्या, निराधारच्या पैशाला द्या, केवायसीला द्या, सिमकार्डला द्या. खऱ्या सरकारी प्रशिक्षणातही हजेरी बोटानंच लागते. एकेकाळी अंगठेबहाद्दर म्हणून हिणवायचे. मी वर्षभर घसा कोरडा करून बायांना सही शिकवली, आणि त्यांना विचारतं कोण सही? सगळीकडे मशीन पुढे करतात.

त्या दिवशी तिघींचा ठसा उमटलाच नाही. कापसाचं बोंड सुकलं की त्याची टोकं सुईसारखी होतात. तीन महिने वेचणी केलेल्या बाईची बोटं पाहा, चिरा आणि काळे डाग, रेघा उरतच नाहीत. एकीचा अंगठा त्यानं रुमाल ओला करून पुसला, तेल लावलं, परत पुसला, मग दहाही बोटं फिरवली. मशीन लाल दिवाच दाखवत राहिली. "तुमचं पुढच्या वेळी," म्हणाला. ती बिचारी रडत घरी गेली, आपली मशीन गेली म्हणून. बावीसमधून वाचल्या त्या या तिघी.

संध्याकाळी काकू माझ्याकडे आल्या. मी अंगणात तूर झोडपत होते. साधा बटणांचा मोबाइल पुढे धरून म्हणाल्या, "हजार कटले बरं पोरी. मेसेज आला. मीच वाचला, एक आन् त्यावर तीन शून्य."

"शाब्बास काकू," मी म्हटलं. हात तुरीच्या भुसानं भरलेले होते, मोबाइल हातात घेतलाच नाही.

मेसेज इंग्रजीत होता आणि आकडेही इंग्रजी. इंग्रजी नऊ आपल्या मराठी एकासारखा दिसतो, तसंच वर गोल आणि खाली शेपूट. शून्य दोन्हीकडे सारखंच. काकूंनी मी शिकवलं तसंच वाचलं. वर्गात मी एक ते शंभर घोटून घेतले ते सगळे मराठी आकडे. बँकेचा मेसेज, गॅसचं बिल, एसटीचं तिकीट, काट्यावरचं वजन, सगळीकडे इंग्रजी आकडे असतात हे मला रोज दिसत होतं, आणि शिकवायचं मात्र सुचलं नाही. त्या संध्याकाळी मी तो मोबाइल हातात घेतला असता तर बँकेत दुसऱ्याच दिवशी उभ्या असतो. मला स्वतःला तर मेसेजच आला नाही. माझ्या खात्याला नवऱ्याच्या जुन्या सिमचा नंबर होता, रिचार्ज नाही म्हणून कधीच बंद पडलेला.

कळलं भोगीच्या दिवशी, १३ जानेवारीला. संक्रांतीच्या वाणासाठी पैसे काढायला तीन-चार जणी बँकेत गेल्या आणि खात्यात काही नाही. मी पासबुक छापून घेतलं. तारीख ६, रक्कम, आणि पुढे आधारनं काढल्याची नोंद. काउंटरवरचे साहेब म्हणाले, "तुमच्याच अंगठ्यानं निघालेत, आम्ही काय करणार?" त्यांच्या बाजूनं ते खरंच होतं. मला तिथेच खाली बसावंसं वाटलं.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, मी बँकेच्या पायरीवरूनच फोन लावला. तक्रार क्रमांक मिळाला. मग ठाण्यात अर्ज, आणि बँकेत प्रत्येकीचा वेगळा लेखी अर्ज. पोच म्हणून शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका, त्या तारखेवरच पुढचं सगळं अवलंबून. आमच्या वेळी लागू होतं ते रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक. तिसऱ्याच कोणी पैसे लांबवले आणि आपण बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर नुकसान आपल्यावर येत नाही. चार ते सात दिवस लागले तर साध्या शून्य शिलकीच्या खात्यावर जास्तीत जास्त पाच हजारांचा भार आपला. त्या आठवड्यात दुसरा शनिवार आणि रविवार होता, ते वगळून आमचा पाचवा दिवस निघाला. हे मला तालुक्याच्या एका वकीलभाऊंनी बोटांवर मोजून दाखवलं. बँक "अंगठा तुमचाच"वर अडून होती, पण मार्चमध्ये पाच जणींना काही रक्कम परत आली. काकूंना नवातले चार हजार मिळाले. बाकीच्यांची तक्रार तीस दिवस थांबून आम्ही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे टाकली आहे. त्याला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही.

आधारचा ठसा कुलूपबंद करता येतो, आधारच्या ॲपमधून, पण आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. आमच्या निम्म्या बायांची गाडी तिथेच अडली. आणि कुलूप लावलं की रेशनच्या मशीनवरही ठसा चालत नाही, तेवढ्यापुरतं उघडावं लागतं. नातवंडं शहरात असलेल्या म्हातारीला हे रोजचं जमायचं नाही. त्यांच्यासाठी आमच्या शाखेनं लेखी अर्जावर अंगठ्यानं पैसे काढण्याची सोयच बंद करून दिली. तुमच्या शाखेत विचारून पाहा.

आणि शिवणकाम शिकायचंच असेल तर जवळपास प्रत्येक जिल्ह्यात बँकेनं चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. राहणं, जेवण, शिकवणं फुकट. मला ती कुठे आहे हे आधी माहीत होतं. लांब पडते, बाया घर सोडून महिनाभर यायच्या नाहीत, म्हणून मी सांगितलंच नव्हतं. विश्वकर्माची नोंदणीही सेवा केंद्रात फुकट होते आणि नंतर ग्रामपंचायतीकडून पडताळणी होते. तो माणूस सरपंचांना भेटलाच नव्हता, हे मी एका फोनवर विचारू शकले असते.

वर्ग महिनाभर बंद होता. मीच जाऊ शकले नाही, तोंड कसं दाखवायचं. काकूच एक दिवस पाटी घेऊन दारात आल्या. "तुह्याकून नाई शिकलो तं कोनाकून शिकू? ते इंग्रजी नऊ सांग मले पयले." आता पाटीवर दोन रकाने असतात, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. चार आणि आठ यांचाही घोळ होतो, ते नंतर कळलं.

त्या दोन मशीन समाजमंदिरातच राहिल्या होत्या. बायांचं म्हणणं, निदान त्या तरी आपल्या, विकून पैसे वाटून घेऊ. फेब्रुवारीत तालुक्याहून मशीनवाला टेम्पो घेऊन आला. त्यानं त्या दोन दिवसांसाठी म्हणून भाड्यानं दिल्या होत्या. त्याच्याकडे त्या माणसाचा नंबर होता, तो मी ठाण्यात दिला, बंद लागतो. मशीन टेम्पोत चढवून झाल्यावर तो खिशातून वही काढून माझ्याकडे आला. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की वर्ग मी भरवला.

"महिन्याचं भाडं बाकी हाय, मॅडम," तो म्हणाला.