क्लिनिक सॉफ्टवेअर, १४ महिन्यांनंतर: नंबर घराचा, आजार एकटीचा

"मॅडम, तुम्ही घरी का कळवलंत?" एका पेशंटच्या या प्रश्नामुळे मी पुन्हा लिहायला बसले आहे. चार महिने वापरून याच सॉफ्टवेअरला मी पाच तारे दिले होते. आज ते मागे घेते.

माझा दवाखाना तालुक्याच्या गावी आहे. रोज साठ-सत्तर पेशंट, रिसेप्शनला एक मुलगी, इंजेक्शन-ड्रेसिंगला एक सिस्टर. टोकन, बिलिंग, छापील चिठ्ठी यांबद्दल तक्रार नाही. एका आजोबांना सल्फाची अॅलर्जी असल्याची जुनी नोंद औषध लिहिता लिहिता लाल पट्टीत समोर आली आणि मी हात आखडला. केसपेपरच्या गठ्ठ्यात ती मला कधीच सापडली नसती. वर्षाचे १४,५०० रुपये त्या दिवशी वसूल झाले असं वाटलं, आणि तारे दिले ते त्याच आठवड्यात.

पण हे सॉफ्टवेअर पेशंटला ओळखतं ते मोबाइल नंबरवरून. आमच्याकडे एका नंबरावर अख्खं घर असतं. सासऱ्यांचा फोन, त्यावर सासूबाई, सून, नातवंडं सगळी नोंदलेली. नंबर टाकला की घराची यादी उघडते, रिसेप्शनचं काम झटपट होतं. मी 'सेव्ह' दाबलं की चिठ्ठीची पीडीएफ त्याच नंबरावर व्हॉट्सअॅपने निघून जाते. 'पेशंटला पाठवा' या चौकटीत खूण आधीच केलेली असते. इतक्या महिन्यांत माझी नजर तिथे गेलीच नव्हती.

तपशील बदलून सांगते. दोन बाळंतपणं झालेली बाई, तिसरं नको म्हणून गोळ्या विचारायला एकटी आली. बीपी पाहिलं, नीट समजावलं, गोळ्या लिहून दिल्या. ती घरी पोचण्याआधी चिठ्ठी पोचली होती. सासऱ्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पुतण्याने वाचून दाखवली. पुढे घरात काय झालं ते इथे लिहिणार नाही. पाच दिवसांनी ती आली आणि दारातूनच तो प्रश्न विचारला. चूक माझी आहे असं मी तिला सांगितलं. गेलेली चिठ्ठी मात्र गेलीच होती.

कंपनीला फोन केला. उत्तर मिळालं, "मॅडम, हे तर आमचं सगळ्यात आवडतं फीचर आहे, आणि संमती अटींमध्ये घेतलेली आहे." अटींवर सही माझी आहे, तिची नाही! २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती विशिष्ट हवी, माहिती देऊन घेतलेली हवी आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. आधीच खूण केलेल्या चौकटीत यातलं काय बसतं? नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे. पण कंपनीने माझ्या वतीने डेटा हाताळला तरी उत्तरदायी मीच राहते, हे मला मुळातला कायदा वाचल्यावर कळलं. आणि पेशंटचं गुपित राखायचं बंधन आम्हा डॉक्टरांवर २००२ च्या आचारसंहितेपासून आहेच. त्यासाठी नवा कायदा यायची वाट कशाला पाहायची?

आभा क्रमांक, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक, याबद्दलचं माझं मत याच काळात बदललं. मला ते नसतं काम वाटायचं. आता वाटतं, प्रत्येकाचा १४ आकडी वेगळा क्रमांक ही या गोंधळावरची योग्य दिशा आहे, कारण त्यात सून आणि सासरे एका ओळीत येत नाहीत. पण आधारला जोडलेला मोबाइल सासऱ्यांचाच असेल, तर आधारवरून आभा काढताना ओटीपी त्यांच्याच फोनवर जातो. म्हणजे आम्ही पुन्हा त्याच फोनपाशी.

लॉगिनचंही सांगते. पॅकेजमध्ये एकच मिळतं, दुसऱ्याला वर्षाला ३,००० जास्त. पैसे वाचवायचे म्हणून मी वर्षभर घेतलं नाही. रिसेप्शनची मुलगी माझ्याच पासवर्डने काम करायची आणि टीबीच्या, मानसोपचाराच्या नोंदी तिला सहज दिसायच्या. तिने कधी काही बाहेर बोलल्याचं ऐकलेलं नाही. तरी ती काटकसर मी करायला नको होती. आता दुसरं लॉगिन घेतलंय, त्यात फक्त नाव, टोकन आणि बिल दिसतं.

सात ई-मेलांनंतर गेल्या महिन्यात अपडेट आलं. खूण आता आधी केलेली नसते. त्याबद्दल कंपनीचे मनापासून आभार, आणि म्हणून दोनाऐवजी तीन तारे. मेसेज पाठवायचा का, कुणाच्या फोनवर, हे मी प्रत्येकीला खोलीत, दार लावून विचारते. दर पेशंटमागे अर्धा मिनिट जास्त जातो. रिन्युअल एकाच वर्षाचं भरलं, तीन वर्षांची सवलत घेतली नाही.

मोबाइलचा रकाना अजूनही सक्तीचा आहे, तो भरल्याशिवाय केसपेपर सेव्ह होत नाही. म्हणून त्या बाईच्या नावापुढे मी दवाखान्याचाच नंबर टाकला आहे. ती बाजाराच्या दिवशी येते. तिच्या तपासणीच्या तारखेची आठवण आता माझ्या काउंटरवरच्या फोनवर येते.