सभागृहात एक, एक्स्चेंजला दुसरेच: एका ‘इन्व्हेस्टर मीट’चा अनुभव

एसएमई मंचावर, म्हणजे शेअर बाजाराच्या लहान-मध्यम कंपन्यांसाठीच्या विभागात, नोंद असलेल्या एका लहान कंपनीच्या शेअरमध्ये माझे आणि अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या माझ्या काही सहकाऱ्यांचे पैसे अडकले आहेत. तक्रारीचा निकाल अजून लागलेला नसल्याने कंपनीचे नाव लिहीत नाही. मात्र ज्या पद्धतीने आम्हाला त्या शेअरपर्यंत नेण्यात आले ती पद्धत सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण तीच पद्धत आता दुसऱ्या कंपन्यांसाठीही नाशिकमध्ये वापरली जात असल्याचे कानावर येते आहे.

लहान कंपनीला गुंतवणूकदार शोधत हिंडावे लागते, यात मुळात काही गैर नाही. मोठ्या ब्रोकरांचे विश्लेषक तिच्यावर अहवाल लिहीत नाहीत, म्युच्युअल फंड सहसा तिच्याकडे वळत नाहीत, त्यामुळे ती एखादी जनसंपर्क संस्था नेमते, सादरीकरणे करते, आपले काम लोकांना समजावून सांगते. 2012 मध्ये बीएसई आणि एनएसई या दोन्ही एक्स्चेंजांनी (शेअर बाजारांनी) अशा कंपन्यांसाठी स्वतंत्र मंच सुरू केले. भरणा झालेले भांडवल 25 कोटी रुपयांपर्यंत असलेल्या कंपनीला तिथे येता येते, आणि तिच्या माहितीपत्रकाची छाननी सेबी ही बाजाराची नियामक संस्था नव्हे, तर एक्स्चेंज करते. ‘सेबीने पास केलेली कंपनी आहे’ असे आम्हाला वारंवार सांगण्यात आले होते. ते विधानच मुळात खोटे होते.

आम्हाला निमंत्रण आले ते ओळखीच्या एका म्युच्युअल फंड वितरकामार्फत. पाथर्डी फाट्याजवळच्या एका हॉटेलात ‘इन्व्हेस्टर मीट’ होती. दारात गुळगुळीत कागदावर छापलेली पुस्तिका दिली गेली. कंपनी सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प उभारते, असे तिच्यात म्हटले होते, आणि मधल्या पानावर रामकुंडाच्या छायाचित्राखाली मोठ्या आकड्यांत ‘सिंहस्थ 2027: 180 कोटी’ असे छापलेले होते. नाशिककराच्या दृष्टीने हा तपशील पूर्ण विश्वास बसावा असाच होता, कारण सिंहस्थाची कामे निघणार हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. जनसंपर्क संस्थेचा तरुण प्रतिनिधी प्रत्येक टेबलापाशी येऊन हळू आवाजात सांगत होता, “काका, ही बातमी अजून बाहेर आलेली नाही. एकदा आली की अप्पर सर्किट लागेल, मग शेअर मिळणार नाही.” अप्पर सर्किट म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त जिथवर चढू शकतो ती मर्यादा.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, भिंग घेऊन वाचावे लागेल इतक्या बारीक अक्षरांत, सर्व आकडे ‘अंदाज व अपेक्षा’ असून कंपनी त्यांची जबाबदारी घेत नाही, असा मजकूर होता. हे पान बहुतेकांनी उलटलेच नाही, आणि ते उलटले जाऊ नये अशीच त्याची रचना होती.

आता याच काळात कंपनी एक्स्चेंजला काय सांगत होती ते पाहा. शेअरचा भाव अल्पावधीत फार वाढल्यामुळे एक्स्चेंजने कंपनीकडे स्पष्टीकरण मागितले होते. कंपनी सचिवांच्या सहीचे उत्तर एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. त्यात असे लिहिले आहे, की भाववाढीचे कोणतेही कारण कंपनीला ठाऊक नाही आणि जाहीर करण्याजोगी कोणतीही माहिती तिने राखून ठेवलेली नाही. म्हणजे 180 कोटींची कामे हातात असतील तर एक्स्चेंजला दिलेले उत्तर खोटे, आणि उत्तर खरे असेल तर सभागृहातील सगळे सांगणे खोटे. पुढे उघड झाले की कंपनीने केवळ काही निविदा भरल्या होत्या. निविदा भरणे आणि कार्यादेश मिळणे यांतले अंतर कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसांना कळत नाही असे नाही. पण पुस्तिकेत निविदा हा शब्दच नव्हता.

सेबीच्या 2015 च्या सूचीबद्धता नियमांनुसार भावावर परिणाम करू शकणारी महत्त्वाची घटना कंपनीने आधी एक्स्चेंजला कळवायची असते. घटना कंपनीच्या अंतर्गत असेल तर 12 तासांत आणि बाहेरून घडलेली असेल तर 24 तासांत. अप्रकाशित माहिती निवडक लोकांच्या कानात घालणे हे त्याच वर्षीच्या इनसायडर ट्रेडिंगविषयक (आतल्या माहितीवर शेअरचे व्यवहार करण्याविषयीच्या) नियमांनी मनाई केलेले कृत्य आहे. त्यामुळे ‘बातमी अजून बाहेर आलेली नाही’ हे वाक्य जिथे ऐकू येईल तिथे एक तर बातमी नाही, किंवा ती सांगणारा कायदा मोडतो आहे.

मला सर्वांत जास्त संताप येतो तो प्रेफरन्शियल वाटपाच्या, म्हणजे ठरावीक लोकांनाच थेट नवे शेअर देण्याच्या, कागदाचा. बैठकीच्या काही महिने आधी कंपनीने निवडक व्यक्तींना 95 रुपयांनी शेअर दिले होते. प्रवर्तक (कंपनीचे मूळ मालक) नसलेल्यांना असे शेअर सहा महिने विकता येत नाहीत, आणि ती मुदत आमच्या बैठकीनंतरच्याच आठवड्यात संपत होती. आम्ही 240 रुपयांच्या आसपास खरेदी करत होतो तेव्हा विकणारे कोण होते, हे पुढच्या शेअरधारणा तक्त्यात दिसले: प्रेफरन्शियलवाल्यांची नावे गेली होती, प्रवर्तकांचा हिस्सा घटला होता, आणि किरकोळ भागधारकांची संख्या काही शेकड्यांवरून हजारांवर गेली होती. नफ्याचा आकडा वाढता होता खरा, पण रोख प्रवाहाचे पत्रक उणे होते. विक्री कागदावर झाली होती, येणी वसूल झालेली नव्हती.

त्यानंतर रोज लोअर सर्किट लागू लागले, म्हणजे भाव दिवसाच्या खालच्या मर्यादेला टेकू लागला. सकाळी बाजार उघडताच विक्रीची ऑर्डर टाकायची आणि खरेदीदारच नसल्याने ती दिवसभर तशीच पडून राहायची. एसएमई मंचावर व्यवहार लॉटमध्ये, म्हणजे ठरावीक संख्येच्या गठ्ठ्यांत, होतात. या कंपनीचा लॉट 1,200 शेअरचा होता, त्यामुळे थोडे विकून थोडे सोडवून घ्यावे हा मार्गही बंद होता. माझ्या एका सहकाऱ्याने मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ग्रॅच्युइटीची रक्कम यात घातली होती. वितरक आता फोन उचलत नाही, आणि या शेअरसाठीचा टेलिग्रामवरचा गट काढून टाकण्यात आला आहे.

हा प्रकार आमच्यापुरता नाही. सेबीने 28 ऑगस्ट 2024 रोजी गुंतवणूकदारांना जाहीर इशारा दिला, तो याच स्वरूपाचा होता: काही एसएमई कंपन्या व त्यांचे प्रवर्तक व्यवसायाचे अवास्तव चित्र उभे करतात, त्यामागोमाग बोनस (मोफत जादा शेअर), स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर करणे), प्रेफरन्शियल वाटप अशा घोषणा करतात आणि चढ्या भावात स्वतःचे शेअर विकून मोकळे होतात. त्याआधी 2 मार्च 2023 रोजी साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरबाबत काढलेल्या अंतरिम आदेशातही, अदानी समूह ही कंपनी ताब्यात घेणार असल्याच्या खोट्या बातम्या यूट्यूबवरून कशा पसरवल्या गेल्या आणि त्या आधारे शेअर कसे विकले गेले, याचे तपशील आहेत. हा इशारा आणि हा आदेश सेबीच्या संकेतस्थळावर आहेत. लांब असले तरी ते वाचावेत, कारण आमच्या बैठकीत जे जे घडले ते त्यांत जवळजवळ क्रमाने आढळते.

आम्ही सेबीच्या स्कोअर्स या ऑनलाइन तक्रार प्रणालीवर तक्रार नोंदवली. कंपनीला अशा तक्रारीचे उत्तर 21 दिवसांत द्यावे लागते. आलेल्या उत्तरात, ही बैठक कंपनीने घेतलेलीच नव्हती, जनसंपर्क संस्थेने ती परस्पर आयोजित केली, असे म्हटले आहे. पुस्तिकेवर मात्र कंपनीचा नोंदणी क्रमांक आहे आणि निमंत्रणात तिच्या संचालकांचे नाव आहे. त्या बैठकीला आलेल्या ज्या नाशिककरांकडे ही पुस्तिका, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निमंत्रण किंवा भाषणाचे ध्वनिमुद्रण असेल त्यांनी ते कृपया पुसू नये, कॉन्ट्रॅक्ट नोटसह (ब्रोकरने दिलेल्या व्यवहाराच्या पावतीसह) आपल्या नावाने स्वतंत्र तक्रार करावी, आणि काही अडल्यास सेबीच्या 1800 22 7575 या निःशुल्क क्रमांकावर विचारावे. तिथे मराठीतही उत्तर मिळते.