१९१६ चा शिक्का आणि नायलॉनचा दोरा

गेल्या आठवड्यात तोच फोटो पुन्हा मोबाईलवर आला. काळी पत्र्याची ट्रंक, आत घडी घातलेलं घोंगडं आणि त्यावर चामड्याचा काडतूसपट्टा. माझ्या वेळी ही ट्रंक खानापूर तालुक्यातल्या एका हवालदाराची होती. आता ती निपाणीकडच्या कुणाची तरी झालीय. त्यातला पट्टा जुना समजून घेतला आणि मी फसलो, म्हणून लिहितोय.

मी बेळगावचा. जुनं लष्करी चामडी सामान जमवतो. पणजोबा ११० व्या मराठा पलटणीत होते, पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुटच्या वेढ्यातून परत आले नाहीत. त्यांची एकही वस्तू आमच्या घरात नाही. बोलता बोलता हे मी पट्टा विकणाऱ्या माणसाला फोनवर सांगून बसलो. दोन दिवसांत त्याचा मेसेज आला, पट्ट्याच्या आत शिक्का सापडलाय, '५ एम.एल.आय., १९१६', म्हणजे पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री. वर म्हणाला, "दादा, ही वस्तू तुमच्याच घरात जायला पाहिजे बघा." २२,००० ठरले. १५,००० आधी फोनवरून पाठवले, उरलेले खानापूर स्टँडवर रोख दिले.

१९०३ च्या नमुन्याचा पट्टा. पाच कप्पे, प्रत्येकात पाच-पाच काडतुसांच्या दोन क्लिपा, म्हणजे अंगावर ५० गोळ्या. आजोबा अशा कप्प्याला तोसदान म्हणायचे. हातात घेतला तेव्हा माझे डोळे भरून आले होते. तपासायचं भानच राहिलं नाही.

रात्री शिक्का पुन्हा वाचला आणि पोटात गोळा आला. १९१६ साली पाचवी मराठा नव्हतीच. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या सहा पलटणी एकत्र करून हे नाव दिलं गेलं १९२२ मध्ये. हे मला पाठ आहे, तरी चार दिवस डोळ्यांवर झापड होती.

सकाळी शहापुरात एका काकांकडे गेलो. मूळचे अथणीचे, हयात कोल्हापुरी चपला करण्यात गेलेली. त्यांनी आधी वास घेतला, मग आरीनं काठ जरा खरवडला. वरून तपकिरी, आत निळसर करडं. "हे क्रोमचं चामडं. हिरडा-बाभळीत कमावलेलं असतं तर आतपर्यंत तपकिरीच दिसलं असतं. वर नुसतं पॉलिश चोळलंय." शिवणीचा एक धागा उपटून काडीनं पेटवला. राख झाली नाही, वितळून टोकाला काळा मणी झाला. नायलॉन. बकलाला चुंबक लावला तर चिकटला, म्हणजे लोखंडावर पितळेचा मुलामा. बंद सोडवून पाहिला. इतकी वर्षं बंदाखाली झाकलेलं चामडं वेगळ्या रंगाचं असायला हवं होतं, पण तिथंही तेच पॉलिश.

त्याचा नंबर तोवर बंद झाला होता. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण मला उशीर झाला होता. तुमच्यावर वेळ आली तर त्याच तासाला फोन करा. रोख दिलेल्या ७,००० चा तर काही पुरावाच नाही.

कुणी असा पट्टा दाखवला तर पलटणीचा आकडा आणि साल आधी जुळवून बघा. कापलेल्या काठाचा, शिवणीचा आणि बंद सोडून त्याच्या खालचा, असे जवळून फोटो मागा. आगाऊ एक रुपया देऊ नका, आणि आपल्या घरच्या माणसाची पलटण कुठली ते सांगू नका. त्यावरच त्यानं माझ्यासाठी शिक्का मारला.

निपाणीच्या ट्रंकवाल्याकडे मी बंदाखालचा फोटो मागितलाय. आठ दिवस झाले, आलेला नाही.