काळ्या मातीवरच्या पूलखाली काय भरायचं: रेती, गिट्टी, काँक्रीट की मुरूम?

शेतावर जमिनीच्या वर मांडायचा फ्रेमवाला स्विमिंग पूल आहे अन् पावसाळ्यात त्याच्या खालची माती निघून चाललीय, असं असेल तर सामान आणायच्या आधी पाणी नेमकं कुठून येतं ते पहा. आमचा पूल हिंगणघाटकडे आहे, 15 फूट व्यासाचा. मागच्या मिरगात धुऱ्याकडून उताराचं पाणी आलं ते सरळ पूललाच लागलं, आणि फ्रेमच्या एका पायाखालून एवढी माती गेली की माझा हात कोपरापर्यंत आत जात होता, वरचं लायनर (पाणी धरणारं प्लास्टिकचं अस्तर) त्या खड्ड्यात गायीच्या कासेसारखं लोंबत होतं. साडेतीन फूट पाणी म्हणजे जवळपास 17,500 लिटर, म्हणजे 17.5 टन वजन. एवढं वजन वर असताना खाली हात घालून माती कोंबू नका, आधी पूल रिकामा करा, पाणी सोडायचं कितीही जीवावर आलं तरी.

रेती मी पहिल्यांदा टाकली कारण ती मऊ असते, लायनरला टोचत नाही, हातानेच सारखी होते. दोन पावसांत सगळी बाहेर पसरली. सगळ्यात वरचा इंच-दोन इंचाचा थर म्हणून रेती चांगली, भर म्हणून नाही.

गिट्टी पूलच्या भोवती टाकायची, खाली कधीच नाही, लायनर फाटतं. पोरं उड्या मारतात तेव्हा बाहेर पडणारं पाणी जमीन खरवडते, ते 20 एमएमच्या गिट्टीने थांबतं. पण तिच्याखाली जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं) अंथरा, नाहीतर काळ्या चिखलात गिट्टी बसून जाते.

काँक्रीट सगळेच सांगतात. बरड जमीन असेल तर खुशाल करा. पण भारी काळी माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर सरळ 4 इंची स्लॅब टाकला तर तो तडकणारच. माती काढून, मुरूम भरून, जाळी टाकून केला तर टिकतो, पण मग खर्च वाढतो अन् पूल पुढे हलवता येत नाही.

माझं मत मुरूमाला आहे. पांदण रस्त्यावर पाहिलाच असेल, नीट दाबला की तो लवकर वाहत नाही. सहा इंच काळी माती काढायची, लेव्हल नळी लावून उंच बाजू छिलायची (खोलगट बाजूला भर टाकून लेव्हल करू नका, ती भरच पुढे बसते), मग 3-3 इंचाचे दोन थर, पाणी मारायचं अन् धुम्मसने चोपायचं. पूलच्या बाहेर 2-2 फूट धरलं तर साधारण 1.4 ब्रास (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट) लागतो, चोपल्यावर बसतो म्हणून 2 ब्रास मागवा. प्रत्येक पायाखाली एक सपाट फरशी मुरूमाच्या लेव्हलला बसवा. त्यावर पातळ रेती, मग लायनर.

आणि हे सगळं केलं पण वरचं पाणी वळवलं नाही तर मुरूमही जातो. शेजारचे काकाजी मला म्हणाले होते, "बाबू, टाकं मंग पाय, पह्यले पाणी वळव." म्हणजे पूलचं नंतर बघ, आधी पाणी वळव. उताराच्या वरच्या बाजूला फूटभर रुंद, दीड फूट खोल चर काढून त्यात 40 एमएम गिट्टी भरली, चर पूलला वळसा घालून खाली नेला, आणि पूलपासून बाहेर 5 फुटांत 3 इंच उतार दिला. फिल्टरच्या बॅकवॉशचा (फिल्टर उलट्या पाण्याने धुतो त्याचा) पाइपही तेवढाच लांब सोडा, पूलच्या कडेला ते पाणी सोडणं म्हणजे आपल्या हाताने जमीन उकरणं.

पाऊस नसताना कडेची माती ओलीच राहते? मग बादली भरून पूलमध्ये स्टुलावर ठेवा, दोन्हीकडे पाण्याच्या पातळीला खूण करा अन् 24 तासांनी पहा, तेवढा वेळ कोणाला पोहू देऊ नका. आमच्या मे महिन्यात ऊनच दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडवतं, त्यामुळे नुसतं पाणी उतरलं म्हणून गळती समजू नका. बादलीपेक्षा पूलमधलं जास्त उतरलं तर मात्र मुरूमाचं काम बाजूला राहू द्या, आधी लायनरचं पंक्चर शोधा.