टकटक नक्की कुठली ते शोधून देणारं गॅरेज

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका छोट्या गॅरेजचा अनुभव सांगतो, कारण मिस्त्रींनी खरंच मन लावून काम केलं. माझ्या जुन्या डिझेल गाडीचं इंजिन टकटक करत होतं, गरम झाल्यावरपण आवाज जाईना, आणि आधीच्या ठिकाणी न उघडताच अख्खं हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचं काम सांगितलेलं.

यांनी पहिल्यांदा डिपस्टिक काढून ऑइल बोटांवर चोळून बघितलं, मग लांब पेचकस हेड कव्हरवर टेकवून दांडा कानाला लावला, डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरपाशी वेगळं ऐकलं, व्हॉल्व्ह उघडायला लावणाऱ्या टॅपेटपाशी वेगळं, मलापण ऐकवलं! ऑइलचा प्रेशर स्विच काढून तिथं प्रेशर मोजायचा गेज लावला, ऑइल प्रेशर बरोबर होतं म्हणजे ऑइल पंपाचा प्रश्न नाही. कव्हर उघडून कॅम (टॅपेट दाबणारा फिरता दांडा) फिरवत एकेक टॅपेट दाबून बघितला, बाकीचे दगडासारखे घट्ट आणि एक मात्र स्पंजसारखा आत जायचा. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या टॅपेटमधलं ऑइल टिकत नसलं की गॅप पडतो आणि तोच वाजतो, असं नीट समजावलं.

सगळे टॅपेट नवीन टाकले, ऑइल-फिल्टर बदललं, जुने पार्ट हातात दिले. वेळ जास्त घेतात, दोन दिवस गेले, पण आता सकाळी थंडीतपण इंजिन शांत चालू होतंय.