फांदी पाण्यात, मातीत की झाडावरच?

जून-जुलैत कुणी जास्वंदीची फांदी देतं, कुणी मोगऱ्याची. बाटलीत ठेवायची की कुंडीत खोचायची, हे बरेच जण घरात काय रिकामं आहे ते बघून ठरवतात. खरं तर फांदीकडे बघून ठरवावं. नखाने सहज चिरली जाणारी हिरवी फांदी पाण्यात चालते. साल तपकिरी व्हायला लागली असेल तर माती बरी. आणि झाड मोलाचं असून कापण्याजोगी फांदी एकच असेल तर ती कापूच नका, झाडावरच गुटी बांधा, म्हणजे न कापता जागेवरच तिला मुळं आणा.

पाण्याचं मोठं सुख म्हणजे मुळं दिसतात. मनीप्लांट, पुदिना, कोलियस, तुळस यांच्यासाठी दुसरं काही करायची गरज नाही. तुळशीच्या मंजिऱ्या मात्र आधी खुडा. मनीप्लांटचं पेर, म्हणजे पान जिथून फुटतं तो सांधा, पाण्याखाली हवं. नुसत्या पानाला मुळं फुटली तरी त्यातून वेल निघत नाही. पाण्यातला धोका नंतर येतो, कुंडीत हलवताना. ही मुळं ठिसूळ असतात आणि मातीतून पाणी ओढायची त्यांना सवय नसते. म्हणून बाटली मुळांनी भरायची वाट बघू नये, दीड-दोन इंच झाली की हलवावं आणि सुरुवातीचे आठ-दहा दिवस माती ओलसर ठेवावी.

दुसरी भानगड डासांची. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातही वाढतो, आणि अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, काचेला चिकटवतो. त्यामुळे नुसतं पाणी बदलून भागत नाही, बाटली आतून घासावी लागते. तीन-चार दिवसांनी हे करणं जमणार नसेल तर पाण्याच्या नादी लागू नका.

मातीचा हिशेब उलटा. धोका सगळा सुरुवातीला, पण एकदा धरलं की धरलं. जास्वंद, बोगनवेल, मोगरा, गावठी गुलाब यांना मीही मातीच देते. पेन्सिलीएवढी जाड, सहा-आठ इंच फांदी घ्यावी. खालचा काप पेराच्या लगेच खाली, तिरका. वरची दोन पानं ठेवून तीही निम्मी कापावीत, म्हणजे बाष्प कमी उडतं. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाड वाळू निम्मी-निम्मी घ्यावी, दोन पेरं आत जातील अशी फांदी खोचावी आणि कुंडी सावलीत ठेवावी. शेणखत आत्ता नको, काप कुजतो. कोकणात पावसाळी हवेत वरून काही झाकायला लागत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत मात्र प्लास्टिकची पिशवी उलटी घालावीच.

इथे एक फसवणूक होते. दहा-पंधरा दिवसांत कोवळी पालवी येते आणि घरभर आनंद होतो. ती पालवी फांदीतल्या साठवणीवर आलेली असते, खाली मूळ असेलच असं नाही. उपटून बघणारेही भेटतात. त्यात आलेली मुळं तुटतात. फांदी हलकेच ओढून बघा, अडली तर समजा धरली. रूटिंग पावडर, म्हणजे मुळं फुटावीत म्हणून कापाला लावायची पावडर, कठीण सालीच्या फांद्यांना उपयोगी पडते, पुदिन्याला तिची गरज नाही. तिच्याऐवजी काही जण मध आणि दालचिनी लावतात, त्यावर माझा भरवसा नाही. चाफ्याची फांदी तर कापल्या-कापल्या कुठेच लावू नये: आठवडाभर सावलीत ठेवून चीक सुकू द्यावा, मग मातीत.

गुटीला कष्ट जास्त, पण मुळं येईपर्यंत फांदी आईच्याच जिवावर असते. डाळिंबाची रोपं रोपवाटिकेत सर्रास अशीच करतात. पेरू, चिकूलाही चालते. वर्षभर जुन्या फांदीवरून इंचभर रुंद सालीचं कडं काढायचं आणि खालचा बुळबुळीत थर खरवडायचा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि सगळी मेहनत वाया. मग भिजवून पिळलेलं शेवाळ (मॉस) गुंडाळायचं, वर पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही टोकं घट्ट बांधायची. पावसाळ्यात साधारण महिना-दीड महिन्यात प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात. मग खालून कापून कुंडीत. मनीप्लांटसाठी एवढी यातायात करण्यात अर्थ नाही.

कढीपत्त्याला या तिन्हींतलं काहीच नको. जुन्या झाडाच्या मुळांतून फुटवे येतात. फांदी मागण्याऐवजी त्यातला एक मुळासकट मागा.