कलावंतीण ट्रेकच्या नावाखाली ₹27,274 गेले, निदान तुम्ही तरी वाचा

पैसे माझ्या एकटीचे असते तर आवंढा गिळून गप्प बसले असते, कारण हे सांगायचीसुद्धा लाज वाटते. पण त्यात सकाळी मैदानावर माझ्याबरोबर चालायला येणाऱ्या बायकांचे आणि त्यांच्या मुलांचे पैसे होते, आणि ते गोळा केले होते मी. बिल्डिंगमध्ये कुजबुज चालू आहेच. तेव्हा अर्धवट ऐकीव माहितीपेक्षा सगळं माझ्याकडूनच कळू दे. डोंबिवली, कल्याण, ठाणे, पनवेल या पट्ट्यातल्यांनी जरा नीट वाचा, हा माणूस (की टोळी, देव जाणे) आपल्याच लोकांना गाठतोय.

गोष्ट जुलै 2025 ची. एका रविवारी आम्ही 14 जणांनी पनवेलजवळच्या कलावंतीण दुर्गाला जायचं ठरवलं. आम्ही चाळिशी-पन्नाशीच्या बायका सुळक्याखालच्या प्रबळमाची या वस्तीपर्यंतच जाणार, तिथे पिठलं-भाकरी खाणार आणि मुलं वर सुळक्याकडे. पाऊस असेल तर मुलंही माचीवरच थांबणार हेही ठरलं होतं, त्यामुळे 'पावसाळ्यात कशाला त्या पायऱ्यांवर' हे मला कोणी शिकवू नका.

पोस्टर इन्स्टाग्रामवर दिसलं. धुक्यातला सुळका, कातळातल्या पायऱ्या, खाली लाल अक्षरांत ₹1,150 माणशी: डोंबिवली स्टेशनपासून बस, नाश्ता, जेवण, गाईड, सर्टिफिकेट. चाळीस हजारांवर फॉलोअर, पण एकाही पोस्टखाली कमेंट नाही, कारण कमेंट बंदच. आता कळतं का बंद ते. जिथे कमेंट बंद असेल तिथून सरळ उठून चालू पडा.

फोन केला तर पहिला शब्द 'जय शिवराय ताई'. डीपीला महाराज, बोलणं अदबशीर, मराठी आपल्याहून चांगलं. फसवणारे म्हणजे तोडकंमोडकं हिंदी बोलणारे, आपण चटकन ओळखू, हा भ्रम डोक्यातून काढून टाका. हा तर मला म्हणाला, 'ताई, गडावर कचरा करायचा नाही, दारू पिणाऱ्यांना आम्ही बसमधून खाली उतरवतो.' मी लगेच बायकांना सांगितलं, मुलगा संस्कारी आहे.

निम्मे आधी भरायचे होते, ₹8,050. क्यूआर पाठवला. स्कॅन केल्यावर नाव आलं कुठल्या तरी मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानाचं. विचारलं, तर म्हणे, 'भावाचं दुकान आहे ताई, ग्रुपचं खातं ऑडिटला आहे.' भरले. आपल्याकडे अर्धे धंदे भावाच्या नाहीतर बायकोच्या खात्यावर चालतात, आमचा दूधवाला आणि इस्त्रीवालासुद्धा, त्यामुळे मला त्यात वावगं वाटलं नाही. दोन दिवसांनी 'विमा आणि वन परवाना' म्हणून माणशी ₹149, म्हणजे ₹2,086. हे तर साफ खोटं. गावात प्रवेशाचं काही शुल्क असलंच तर ते पायथ्याला, समोरासमोर भरतात. आणि विमा असेल तर पॉलिसीचा कागद मागा. मी मागितला होता, 'रविवारी बसमध्ये देतो' म्हणाला.

आता ज्या गोष्टीवरून मला अजून रात्री झोप लागत नाही ती सांगते.

आमच्या मजल्यावरच्या काकूंचे गुडघे दुखतात. त्यांना झेपेल का, एवढंच विचारायला मी फोन केला. तो म्हणाला, 'काकूंची काळजीच सोडा ताई. आपली बस थेट प्रबळमाचीपर्यंत जाते. त्यांनी फक्त उतरायचं आणि चहा घ्यायचा.'

प्रबळमाचीपर्यंत बस! मी कॉलेजात असताना ती वाट चढलेय. गाडी ठाकूरवाडीत सोडायची आणि पुढे दीड-दोन तास घाम गाळत चढायचं. माची जवळ आली की वाटेशेजारी कातळात गणपती आणि मारुती कोरलेले आहेत, तिथे टेकून आम्ही पाणी प्यायलो होतो. माचीवरची माणसं गॅसच्या टाक्या आणि तांदळाची पोती खांद्यावरून वर नेतात. जो मुलगा दर आठवड्याला तिथे ग्रुप नेतो म्हणवतो, त्याला हे माहीत नसेल? तो उभ्या जन्मात तिथे गेलेला नाही, हे त्या एका वाक्यात स्वच्छ होतं. मला ते खटकलं. अगदी त्याच क्षणी खटकलं. मी 'अहो, पण तिथे रस्ता...' असं म्हणालेसुद्धा. त्यावर तो हसून म्हणाला, 'ताई, तुम्ही कधी गेला होतात? जमाना बदलला.'

आणि मी गप्प बसले! पण माझंही ऐका. त्याच पनवेलच्या बाजूला उलव्याचा अख्खा डोंगर कापून विमानतळ उभा केला, समुद्रावरून अटल सेतू आणला. जिकडे बघावं तिकडे जेसीबी. तेवीस-चोवीस वर्षं मी तिकडे फिरकले नव्हते. झाला असेल माचीला रस्ता, असं कुणालाही वाटलं असतं. ह्यांना संध्याकाळी सांगितलं तर हेही म्हणाले, 'असेल.' आता तेच मला म्हणतात, 'मी तेव्हाच म्हणत होतो.' काही म्हणत नव्हते.

तेव्हा ट्रेकवाल्याला वाटेचे प्रश्न विचारा. पायथ्याचं गाव कोणतं, वर पाणी कुठे मिळतं, कोणाच्या घरी जेवण आहे. आणि उत्तर खटकलं तर त्याच्याशी वाद न घालता गावात फोन लावा. प्रबळमाचीवर जेवण आणि राहण्याची सोय करणारी कितीतरी घरं आहेत. तिथे एक फोन केला असता तर उरलेले ₹8,050 तरी वाचले असते, जे मी गुरुवारी 'बसमालकाला द्यायचेत' म्हणून पाठवले. झाले ₹18,186.

शुक्रवारी हवामान खात्याचा रायगडसाठी ऑरेंज अलर्ट आला आणि त्याच्या पथ्यावरच पडला. संध्याकाळी पीडीएफ आली: उपविभागीय दंडाधिकाऱ्यांचा बंदी आदेश, गोल शिक्का, सही, जावक क्रमांक. ट्रेक रद्द, पैसे पूर्ण परत. यात संशय घेण्यासारखं काय होतं सांगा? 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, ती कलावंतीणला लागून असलेल्या प्रबळगडाच्या शेजारच्याच इर्शाळगडाच्या पोटात. पावसाळ्यात असे बंदीचे आदेश दरवर्षी निघतात, पेपरात येतात. उलट मला वाटलं, बघा, माणूस प्रामाणिक आहे, स्वतःहून पैसे परत देतोय.

माझा भाचा कायद्याला आहे. त्याने तो कागद नंतर पाहिला आणि कपाळाला हात लावला. त्यात लिहिलं होतं 'फौजदारी प्रक्रिया संहिता 1973, कलम 144'. तो कायदाच 1 जुलै 2024 पासून गेला. त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि हे आदेश आता तिच्या कलम 163 खाली निघतात. म्हणजे जुन्या कुठल्या तरी आदेशावर नवी तारीख डकवलेली. हे मला कसं कळणार? मी घरी शिकवण्या घेते, वकील नाही. तुम्ही मात्र आता कलमाचा आकडा बघत जा.

पैसे परत करण्याचं नाटक तुम्हाला माहीतच असेल, तरी सांगते. आधी म्हणाला, खातं तपासायला ₹5 पाठवा. पाठवले. लगेच ₹10 परत आले. मग म्हणाला, रक्कम मोठी आहे, दोन हप्त्यांत येईल, हा क्यूआर स्कॅन करा, ₹9,093 जमा होतील. मी स्कॅन केला, पिन टाकला, आणि ₹9,093 गेले.

हो, पिन पैसे द्यायलाच लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. मला माहीत आहे. सासूबाईंना यूपीआय मी शिकवलंय आणि हे वाक्य त्यांच्याकडून घोकून घेतलंय. पण त्या वेळी ग्रुपवर 'पैसे कधी मिळणार' म्हणून मेसेजवर मेसेज पडत होते, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि हा फोन ठेवूच देत नव्हता. 'ताई, सहा वाजता सिस्टीम बंद होते, चार मिनिटं राहिली, मग सोमवारवर जाईल.' घाई करतोय म्हटलं की फोन कट करायचा. निरोप नाही, 'थांबा हं' नाही, सरळ कट. ज्यांना वाटतं की आपण असे फसणार नाही, त्यांनी नाकाने कांदे सोलू नयेत, मीही त्याच लाइनीत होते.

हिशोब पक्का सांगते: ₹18,186 अधिक ₹9,093 अधिक ते ₹5, वजा त्याने दिलेले ₹10. ₹27,274.

आता आपल्या यंत्रणेबद्दल. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, ताबडतोब फोन लावा म्हणतात. लावला. आधी एंगेज, मग संगीत, मग लाइन कट. लागला तेव्हा पलीकडच्या बाईंनी माहिती घेतली, तक्रार क्रमांक दिला, त्या बिचाऱ्या नीट बोलल्या. सगळ्या प्रकरणात नीट बोललेलं सरकारी माणूस तेवढं एकच. (यूटीआर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा ओळख क्रमांक, आधीच कागदावर उतरवून ठेवा, फोनवर बोलता बोलता अ‍ॅपमध्ये शोधत बसू नका.)

मग पोलीस ठाणं. ड्युटीवरच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, ट्रेक कुठे होता? म्हटलं, पनवेलजवळ. 'मग तिकडे जा, हद्द आमची नाही.' अहो, ट्रेक झालाच नाही! पैसे डोंबिवलीत माझ्या स्वयंपाकघरातून गेले, हद्द कुठली काढता? भाच्याने सांगून ठेवलं होतं की नव्या संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्दीबाहेरची असली तरी तक्रार घ्यावी लागते, ज्याला झिरो एफआयआर म्हणतात. मी ते म्हटल्यावर साहेबांनी पहिल्यांदा वर पाहिलं आणि म्हणाले, 'मॅडम, एवढा कायदा येतो, मग फसलात कशा?' बाजूचे दोघं हसले. गुन्हा दाखल केला नाही, साधा अर्ज घेतला. पोच मागितली तर शिक्का कपाटात आणि कपाटाची चावी दुसऱ्या साहेबांकडे. फसवणारा निदान 'ताई' तरी म्हणत होता.

बँकेत गेले. 'पिन तुम्हीच टाकलाय ना? मग बँकेची काही जबाबदारी नाही.' लेखी द्या म्हटलं तर लेखी देत नाहीत. पर्यटन खात्याच्या कार्यालयात फोन केला. राज्य सरकारचं साहसी पर्यटन धोरण ऑगस्ट 2021 मध्ये आलं आणि ट्रेक नेणाऱ्या संस्थांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, असं त्यात आहे. उत्तर मिळालं, 'त्यांची आमच्याकडे नोंदच नाही, त्यामुळे आम्ही काही करू शकत नाही.' वा! म्हणजे नोंदणी करणाऱ्याला नियम आणि न करणाऱ्याला मोकळं रान. तरी तो नोंदणी क्रमांक मागत जा, कारण मागितला की असले भामटे गळपटतात.

काही आठवड्यांनी कळलं की त्या दुकानाच्या खात्यात ₹1,412 गोठवले आहेत. बाकी रक्कम केव्हाच पुढच्या खात्यांत फिरली. मी खूश झाले, बुडत्याला तेवढंच. तर म्हणे, ते परत हवे असतील तर कोर्टाचा आदेश आणा. वकिलांना विचारलं, फी ₹5,000. ₹1,412 सोडवायला ₹5,000! हे ज्याने कोणी ठरवलं त्याला एकदा माझ्यासमोर बसवा.

ग्रुपमधल्या सगळ्यांचे पैसे मी माझ्या शिकवण्यांच्या पैशांतून परत केले. काकू घ्यायला तयार नव्हत्या, त्यांच्या हातात कोंबले. एकीने मात्र ₹149 वेगळे आले का, हे मोजून पाहिलं. तिचं नाव लिहीत नाही, ती वाचेलच.

आणि कळवायचं राहिलं. ते इन्स्टाग्राम खातं नाव बदलून अजून चालू आहे. कलावंतीणचा फोटो काढून तिथे कास पठाराची फुलं लावलीत, माणशी ₹1,350, कमेंट अर्थातच बंद. तो स्क्रीनशॉट घेऊन पोलीस ठाण्यात गेले होते. आता सोमवारी बोलावलंय, साहेब बंदोबस्ताला गेले नसतील तर.